वाकडचा फ्लॅट आणि सॉस्टनचं घर

प्रश्न: केंब्रिजजवळच्या सॉस्टन गावात तीन बेडरूमचं घर साडेचार लाख पौंडांना मिळतंय. त्याच रस्त्यावरची तीन घरं वर्षभरात सव्वाचार ते पावणेपाच लाखांना गेली. भाव बरोबर आहे का? आम्हा दोघांची मिळून 35,000 पौंड बचत आहे, शिवाय माझ्या लाइफटाइम आयसामध्ये (पहिल्या घरासाठी किंवा साठीनंतरसाठी सरकार बोनस देतं ते बचत खातं) 20,000. पहिलंच घर म्हणून स्टँप ड्यूटी 7,500 धरली आहे. ता. क. 2014 साली बाबांनी पुण्यात वाकडला माझ्या नावावर 48 लाखांचा टू बीएचके घेतला. भाडं महिना 22,000 रुपये माझ्या एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या) खात्यात येतं. आज 85 लाख येतील, पण एजंट म्हणतो पाच वर्षांत दुप्पट होईल. त्याचा इथे संबंध नाही.

उत्तर: भावाचं आधी उरकतो. लँड रजिस्ट्रीत विक्रीची किंमत, तारीख आणि घराचा प्रकार सापडतो, क्षेत्रफळ नाही. ते त्या घराच्या एनर्जी सर्टिफिकेटवर फुकट बघता येतं. दर चौरस मीटरचा भाव काढा आणि मग तुलना करा. तीनपैकी एखादं घर मागच्या बाजूला वाढवलेलं निघालं तरी सरासरी फिरते. एवढ्या नोंदींवरून पाच-दहा हजारांसाठी घासाघीस होऊ शकते, त्यापलीकडे काही ठरत नाही.

ता. क. मात्र मी दोनदा वाचला. संबंध आहे, आणि मोठा आहे. इंग्लंडमध्ये स्टँप ड्यूटीच्या सवलतीसाठी ‘पहिलं घर’ म्हणजे जगात कुठेही पहिलं. वाकड त्यात आलं, म्हणजे सवलत गेली. साध्या दरानं कर होतो 12,500. शिवाय दुसरं घर म्हणून पूर्ण किमतीवर 5 टक्के अधिभार, म्हणजे 22,500. एकूण 35,000 पौंड. तुम्ही धरलेत 7,500. घर पत्नीच्या एकटीच्या नावावर घेऊनही सुटका नाही, अधिभारासाठी नवरा-बायको एकच धरतात.

लाइफटाइम आयसाचंही तेच. घरासाठी ते पैसे काढायचे तर आधी जगात कुठेही घर असता कामा नये. तरीही काढलेत तर 25 टक्के कापून 15,000 हातात येतील. तुम्ही स्वतः भरले 16,000. सरकारचा बोनस तर जाईलच, वर पदरचे हजार जातील. खातं उघडून देणाऱ्या सल्लागारानं ‘भारतात घर आहे का?’ एवढं विचारायला हवं होतं. केंब्रिजमधल्या मराठी माणसाला हा प्रश्न न विचारणं याला मी निष्काळजीपणाच म्हणतो. ते खातं आता साठीपर्यंत तसंच राहू द्या.

आता हिशेब. 10 टक्के डिपॉझिट 45,000, कर 35,000, वकील वगैरे 2,500. लागणार 82,500, हातात 35,000. हे गणित बसत नाही.

म्हणून फ्लॅट विका, आणि घराचा ताबा घेण्याच्या दिवसाआधी विका. क्रम उलटा झाला तर अधिभार परत मिळणार नाही, कारण गेल्या तीन वर्षांत तुम्ही त्या फ्लॅटमध्ये राहिलेला नाहीत. पौंड 120 रुपये धरला तर 22,500 म्हणजे 27 लाख, त्या फ्लॅटचं दहा वर्षांचं भाडं. आणि दुप्पट होण्याची आशा सोडा. 48 चे 85 व्हायला अकरा वर्षं लागली, वर्षाला जेमतेम सव्वापाच टक्के. एजंटला पुढचं काही दिसत नाही.

विक्रीतून दोन्हीकडचा कर जाऊन ढोबळ 65,000 पौंड राहावेत. बचत धरून एक लाख. त्यातून साधी स्टँप ड्यूटी आणि वकील मिळून 15,000 गेले तरी डिपॉझिट 85,000, जवळपास 19 टक्के. पहिल्या घराची सवलत मात्र विकूनही परत येत नाही.

विकणारा अनिवासी म्हणून ग्राहकाला टीडीएस कापावा लागतो, तोही नफ्यावर नाही, पूर्ण किमतीवर. आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आधी काढा, नाहीतर ऐन वेळी काही लाख रिफंडात अडकतील. वाकडचं भाडं ब्रिटनच्या विवरणपत्रात दाखवता का? पत्रात काही लिहिलं नाहीत. दाखवत नसाल तर तेही याच महिन्यात दुरुस्त करा.

ऑफर मान्य झाली असली तरी सह्या झालेल्या करारांची अदलाबदल होईपर्यंत इंग्लंडमध्ये कुणीच बांधील नसतं. तुमच्या वकिलाला वाकडबद्दल आजच कळवा आणि अदलाबदलीची तारीख फ्लॅटचं खरेदीखत नोंदल्यावरच द्या. तोवर सॉस्टनचा मालक थांबला नाही, तर ते घर जाऊ द्या.