माळ्यावर सापडलेल्या लहानपणीच्या रेसलिंग फिगर पुन्हा खेळण्याजोग्या कशा करायच्या?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: लहानपणीचे पंचवीस-तीस रेसलर खोक्यात सापडले. काही हाताला चिकट लागतात, काहींचे हातपाय लोंबतात, रंग उडालाय, रिंग हरवलीय. साफ कसे करायचे, मुलांना द्यायचे का, आणि विकले तर काही येतं का?

आधी एक विनंती. आज लगेच त्यांना आंघोळ घालू नका. जुन्या फिगरची सगळ्यात जास्त वाट लागते ती खोकं सापडतं त्याच दिवशी. उत्साहाच्या भरात सगळे एकाच बादलीत बुडवले जातात आणि त्यातल्या निम्म्यांच्या पोटात स्प्रिंग असते. म्हणून पहिलं काम वर्गवारीचं.

एक पट्टी घ्या आणि उंची मोजा. सुमारे आठ इंच, भरीव रबरी, हातात जड, एकही सांधा नाही, असे असतील तर ते एलजेएन या खेळणी कंपनीचे, १९८४ ते १९८९ या काळातले. यांचे हातपाय वळत नाहीत, त्यामुळे 'डाव' म्हणजे आख्खा गडी उचलून आपटायचा. साडेचार इंची, कडक प्लॅस्टिकचे आणि हात ओढून सोडला की फटकन परत येणारे ते हास्ब्रोचे, १९९० ते १९९४. तेवढेच दिसणारे पण कुठेच न हलणारे, जरा लवचीक असे काही निघाले तर ते बहुधा गलूबने १९९० साली काढलेले डब्ल्यूसीडब्ल्यूचे (डब्ल्यूडब्ल्यूएफच्या तेव्हाच्या प्रतिस्पर्धी कंपनीचे) रेसलर. सहा इंचांच्या आसपासचे, सांधा वाकवला की कटकट आवाज करणारे ते जॅक्स पॅसिफिकचे 'बोन क्रंचिंग', १९९६ नंतरचे. जॅक्सने डब्ल्यूडब्ल्यूईच्या फिगर २००९पर्यंत काढल्या. २०१०पासून काम मॅटेलकडे गेलं. त्यांच्या 'एलिट' मालिकेत कोपर, गुडघा, घोटा, मनगट सगळं वळतं.

पाठीवर, मांडीच्या मागे किंवा तळपायाखाली शिक्का असतो. त्यावरचं साल हे साच्याच्या हक्काचं साल आहे, ती फिगर त्याच वर्षी बनली असं नाही. एकच धड पुढे चार-पाच वर्षं वेगवेगळ्या डोक्यांसाठी वापरलेलं सापडतं. 'टायटन स्पोर्ट्स' हे नाव दिसलं तर घाबरू नका, ती डब्ल्यूडब्ल्यूएफची मालक कंपनी होती. आणि डब्ल्यूडब्ल्यूएफचं डब्ल्यूडब्ल्यूई झालं मे २००२मध्ये, त्यामुळे जुनं चिन्ह असलेला पट्टा किंवा स्टिकर बहुधा त्याआधीचा.

आता चिकटपणा. ही धूळ नव्हे. मऊ पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं, त्याला प्लॅस्टिसायझर म्हणतात. उष्णता आणि बंद हवा मिळाली की वर्षानुवर्षं ते हळूहळू पृष्ठभागावर येतं. एलजेएनच्या रबरी गड्यांवर आणि जॅक्स-मॅटेलच्या मऊ डोक्यांवर ते जास्त दिसतं. कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे तीन-चार थेंब, मऊ टूथब्रश, एवढ्याने निघतं. पुसून पूर्ण वाळवा, मग टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअर भुरभुरवून रात्रभर ठेवा आणि सकाळी कोरड्या ब्रशने झटका. काही महिन्यांनी पुन्हा चिकट वाटलं तर तुमचं काही चुकलेलं नाही, आतलं अजून बाहेर येतंय. परत धुवा.

भरीव रबरी फिगर पाण्यात दहा मिनिटं राहिली तरी चालेल. हास्ब्रो मात्र बुडवू नका. खांद्याच्या आणि कमरेच्या फटीतून पाणी आत जातं, स्प्रिंग गंजते, आणि महिन्याभराने काखेतून तपकिरी ओघळ यायला लागतो. त्यांना ओलसर फडक्याने पुसायचं, ब्रश फक्त केस आणि बुटांच्या खाचांत. जॅक्सच्या 'टायटन ट्रॉन लाइव्ह' मालिकेत तळपायात चिप असते, तिथेही तेच. चुकून पाणी गेलंच तर फिगर झटकून, फट खाली येईल अशी धरून पंख्यासमोर दोन दिवस ठेवा. तांदळाच्या डब्यात पुरून काही साधत नाही, उलट सांध्यात पीठ बसतं.

नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर, पेट्रोल यांना हात लावू नका. ॲसिटोनने रंग तर जातोच, खालचं कडक प्लॅस्टिकही विरघळून चेहरा मेणासारखा होतो. स्पिरिट फक्त रंग नसलेल्या जागी, तेही आधी तळपायावर थेंब लावून बघून. डाग पुसायचा तो पांढरा 'जादूचा' स्पंज म्हणजे अगदी बारीक पॉलिश पेपरच असतो. तो भुवया पुसून टाकतो आणि जागेवर निस्तेज चट्टा ठेवतो. मऊ, फिकट पीव्हीसीवर बॉलपेनचे डाग असतील (आणि असतातच, कुणीतरी टॅटू काढलेले असतात) तर मुरमांवर लावायचं १० टक्के बेंझॉइल पेरॉक्साइडचं मलम फक्त डागावर लावा, वर प्लॅस्टिकची पातळ फिल्म गुंडाळा आणि उन्हात ठेवा. दर दोन-तीन तासांनी बघा. हे ब्लीच आहे, शाईबरोबर कातडीचा रंगही फिका करू शकतं आणि छापलेला रंग उडवतं. डाग साठ-सत्तर टक्के गेला की थांबलेलं बरं.

सांध्यांकडे वळू. इथे घाई केली की हमखास मोडतं. अडकलेला सांधा जोर लावून फिरवू नका. खिळीचं प्लॅस्टिक वर्षांनी ठिसूळ झालेलं असतं, ती आतल्या आत तुटते आणि हात तुमच्या हातात येतो. मॅटेलची फिगर असेल तर तो भाग ६०-७० अंशांच्या पाण्यात मिनिटभर धरा, बाहेर काढून हलक्या हाताने दोन्ही दिशांना थोडा थोडा हलवा, गरज पडली तर पुन्हा बुडवा. हास्ब्रोचा स्प्रिंगचा हात अडकला असेल तर बहुतेक वेळा आत कचरा असतो. सिलिकॉन तेलाचा एकच थेंब फटीत सोडा, हात ज्या दिशेला ओढायला बनवलाय त्याच दिशेला हळू ओढा. गंज सोडवायचे पेट्रोलियमचे स्प्रे नकोत, काही प्लॅस्टिकना ते खातात आणि नंतर त्यावर धूळ बसून काळा चिखल होतो. स्प्रिंगच तुटली असेल तर ती तशीच राहू द्या. धडाचे दोन भाग चिकटवलेले असतात. पिना घालून उघडायला गेलात तर शिवण फाटते आणि पुन्हा कधीच नीट बसत नाही.

लोंबणाऱ्या सांध्याला पाण्यात मिसळणारं पारदर्शक ॲक्रिलिक वार्निश एक थेंब सोडा, सांधा पाच-सहा वेळा फिरवा, २४ तास वाळू द्या. कमी पडलं तर दुसरा थेंब. इंटरनेटवर सगळीकडे सुपरग्लू सुचवतात. ते चालतं, पण वाळेपर्यंत सांधा अखंड फिरवत राहावं लागतं; मध्ये फोन आला की पैलवान जन्माचा ताठ, शिवाय वाफेने आजूबाजूला पांढरट बुरशीसारखा थर येतो. 'बोन क्रंचिंग'च्या ढिल्या गुडघ्यांवर यातलं काहीच फारसं लागू पडत नाही, कारण आतले दातेच झिजलेले असतात. त्यांना रिंगच्या कोपऱ्याला टेकवून उभं करायचं. खिळी पूर्ण तुटली असेल तर नुसता गोंद टिकत नाही. दोन्ही बाजूंना १ मिमीचं भोक, त्यात कागदाच्या क्लिपची तार, आणि दोन भागांचं इपॉक्सी.

पाय वाकून फिगर पुढे झुकत असेल तर तो भाग ७०-८० अंशांच्या पाण्यात अर्धा ते एक मिनिट, मग सरळ धरून लगेच बर्फाच्या पाण्यात. हा उपाय मऊ पायांसाठी आहे, हास्ब्रोसाठी नाही.

रंगाबाबत माझं मत ठाम आहे: नाक, बोटांची टोकं, केसांचे उंचवटे इथला गेलेला रंग परत लावू नका. आपटून, घासून, खिशात कोंबून तो गेलाय, आणि तीच ती फिगर तुमची असल्याची खूण आहे. विकायची असेल तरी रंगवलेली फिगर संग्राहकाला झिजलेल्यापेक्षा कमी आवडते. चिकटपणा, गंज, वाकणं हा प्लॅस्टिकचा आजार. त्यावर उपचार करा. झीज हा आजार नाही. तरीही पूर्ण पांढरा पडलेला एखादा रंगवायचाच असेल तर पाण्याचे ॲक्रिलिक रंग, तीन-चार पातळ हात, वर मॅट वार्निश. मऊ पीव्हीसीवर स्प्रेचा इनॅमल रंग मारला तर तो बहुतेक वेळा कधीच पूर्ण वाळत नाही, कारण आतून येणारं तेच प्लॅस्टिसायझर त्याला ओलं ठेवतं.

किमतीचं लवकर आटोपतो. एलजेएनमध्ये १९८९ची शेवटची, काळ्या पुठ्ठ्यावरची (म्हणजे पॅकिंगचा पुठ्ठा काळा असलेली) तुकडी दुर्मीळ. हास्ब्रोमध्ये पहिल्या मालिकेतला आंद्रे द जायंट, नंतरचा डस्टी ऱ्होड्स आणि १९९४च्या हिरव्या पुठ्ठ्यावरचे शेवटचे गडी, त्यातही १-२-३ किड. हल्क होगन सगळ्यांकडे होता, म्हणून सुट्ट्या होगनला मोठा भाव येत नाही. किरकोळ वस्तू मात्र फेकू नका: जेक रॉबर्ट्सचा साप, जिम डगनची फळी, पट्टे. त्या हरवतात म्हणूनच महाग असतात.

मुलांना द्यायचे का? शाळेत जाणाऱ्यांना खुशाल द्या. तोंडात घालायच्या वयाच्यांना नको. लहान सुटे भाग तर आहेतच, शिवाय अमेरिकेत खेळण्यांतल्या काही थॅलेट प्लॅस्टिसायझरवर ०.१ टक्क्याची मर्यादा २००८च्या कायद्याने आली, आणि तुमच्या खोक्यातले बरेचसे गडी त्याआधीचे असणार.

ठेवताना कापडी कपडे काढून ठेवा, गडद कापडाचा रंग अंगावर उतरतो आणि मग निघत नाही. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, मऊ पीव्हीसीवर शाई उलटी छापली जाते. घट्ट बंद पिशवी नको. आणि रबरी गडी कडक प्लॅस्टिकच्या भागांना चिकटून ठेवू नका, काही वर्षांनी तिथे खड्डा पडलेला दिसेल. मध्ये बटर पेपर घाला.

राहिली रिंग. ती विकत शोधण्यापेक्षा बनवा, कारण खेळण्याच्या रिंग मापाला नेहमीच लहान असायच्या. गडी दोरावर आदळून दोन पावलांत समोरच्या दोरावर. खरी डब्ल्यूडब्ल्यूईची रिंग २० फूट बाय २० फूट. सहा फुटी माणूस साडेचार इंचांचा झाला म्हणजे सोळावा भाग, म्हणून हास्ब्रोसाठी रिंग १५ इंचांची. सहा-सात इंचांच्या फिगरसाठी २० ते २४ इंच, आणि एलजेएनसाठी तब्बल २७.

१५ इंचांची सांगतो. तीन इंच उंच फळीची चौकट करा, तळ उघडा. चार कोपऱ्यांत आतून १२ मिमीचे गोल लाकडी दांडे, प्रत्येकी साडेसहा इंच. दांडा चौकटीला वर आणि खाली अशा दोन ठिकाणी स्क्रूने धरला पाहिजे. एकाच ठिकाणी धरलात तर दोरांच्या ताणाने आठवड्यात चारही खांब आत झुकतात आणि दोर सैल पडतात. वरचा तक्ता ४ मिमी प्लायचा, कोपऱ्यांना दांड्यांपुरत्या खाचा पाडून. दोर म्हणजे ३ मिमीचं गोल इलॅस्टिक, मॅटपासून एक, दोन आणि तीन इंचांवर, दांड्यांना छोटे हुक लावून. खांबांभोवतीचा फेरा साधारण ५६ इंच भरतो, इलॅस्टिक ४८ इंचच कापा. बरोबर मापाचं कापलं तर पहिल्याच क्लोथ्सलाइनला (हात आडवा धरून मारायच्या डावाला) दोर लोंबतो. कोपऱ्यांवर फोमचे तुकडे इन्सुलेशन टेपने गुंडाळा.

प्लायवर ३ मिमी फोम आणि त्यावर ताणलेलं सुती कापड, कडा खाली वळवून स्टेपल करा. जाड फोम घ्यायचा मोह होतो, पण मग लहान पायांचे गडी उभे राहत नाहीत. आणि आवाज मरतो. तळ उघडा आणि प्लाय पातळ ठेवला तो त्या 'धाड्'साठीच. एक गडी वरच्या दोराच्या उंचीवरून पाठीवर टाकून बघा. आवाज दबका आला तर फोम काढून नुसतं कापड ताणा.