वाचक विचारतात : मेंदूतल्या गाठी आणि जनुकशास्त्रातलं करिअर

प्रश्न : एम.एस्सी. बायोटेकच्या शेवटच्या वर्षाला आहे. मेंदूच्या गाठींच्या जनुकशास्त्रात पीएच.डी. करायची आहे. गाइड कसा निवडावा? (विद्यार्थिनी, नाशिक)

आधी सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) मिळवा. पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, एसआरएफ (सीनियर रिसर्च फेलो) झाल्यावर ४२,००० आणि वर घरभाडं. स्वतःची फेलोशिप असली की गाइड निवडायची मोकळीक राहते.

मग लॅबमध्ये विचारा : गाठीचं ऊतक कुठून येतं, आणि ऑपरेशन थिएटरमधून निघाल्यावर किती मिनिटांत गोठवलं जातं? तुकडा लगेच द्रव नायट्रोजनमध्ये जाऊन पुढे उणे ८० अंशांवर राहिला नाही, तर आरएनए (कोणती जनुकं चालू आहेत हे सांगणारा नाजूक रेणू) तुटतो. खारघरचं अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र टाटा मेमोरियल सेंटरचाच भाग आहे. संशोधन आणि रुग्णालय असं जोडलेलं असणं म्हणूनच मोलाचं. एथिक्स कमिटीची मंजुरी आधीच असेल, तर तुमचे कित्येक महिने वाचतील.

काम फक्त सेललाइनवर (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींवर) असेल, तर एसटीआर तपासणी (पेशींची डीएनएवरून ओळख पटवणारी चाचणी) शेवटची कधी झाली ते विचारा. यू८७ ही ग्लायोब्लास्टोमाची (मेंदूच्या अतिशय घातक गाठीची) जगभर वापरली जाणारी सेललाइन. १९६०च्या दशकात स्वीडनमधल्या उप्सालात ती ज्या रुग्णाच्या गाठीपासून बनवली, त्या गाठीशी आज सर्वत्र वाटली जाणारी यू८७ जुळत नाही, हे २०१६ मध्ये उघड झालं. ती मेंदूच्या गाठीचीच असावी, पण रुग्ण वेगळा. तुमचा एसटीआर अहवाल सेलबँकेच्या नोंदीशी जुळेल. मूळ रुग्णाबद्दल तो काहीच सांगत नाही.

प्रश्न : ग्लायोमाच्या (मेंदूतल्या आधारपेशींच्या गाठीच्या) पॅराफिन ब्लॉकमधून, म्हणजे फॉर्मॅलिनमध्ये ठेवून मेणात बसवलेल्या तुकड्यातून, आयडीएच१ या जनुकाचं सँगर सिक्वेन्सिंग (डीएनएची अक्षरं वाचण्याची पद्धत) केलं, म्युटेशन दिसलं नाही. त्याच ब्लॉकवर आर१३२एच (या जनुकातलं नेहमीचं म्युटेशन) ओळखणारी अँटिबॉडी मात्र पॉझिटिव्ह आहे. असं का? (संशोधक विद्यार्थी, पुणे)

बहुधा गाठीच्या पेशी कमी पडल्या. हे म्युटेशन जनुकाच्या दोनपैकी एकाच प्रतीत असतं. तुकड्यात २० टक्के पेशी गाठीच्या असतील, तर बदललेला डीएनए फक्त १० टक्के. सँगरला साधारण १५-२० टक्क्यांखालचं दिसत नाही. पॅथॉलॉजिस्टकडून एच अँड ई (नेहमीच्या पद्धतीने रंगवलेल्या) स्लाइडवर गाठीचा दाट भाग आखून घ्या आणि लगतच्या न रंगवलेल्या सेक्शनवरून तेवढाच खरवडा. पेशी ६० टक्के झाल्या की प्रमाण ३० टक्क्यांवर जातं. फॉर्मॅलिनने डीएनएचे तुकडे पडलेले असतात, म्हणून पीसीआरने (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या तंत्राने) वाढवायचा पट्टा १५० बेसच्या (डीएनए अक्षरांच्या) आत ठेवा.

एक सावधगिरी. आर१३२एच म्हणजे डीएनएतल्या जी या अक्षराच्या जागी ए, आणि फॉर्मॅलिनमुळे होणारा खोटा बदलही नेमका असाच दिसतो. सँगरच्या आलेखात पुसट शिखर दिसलं तर स्वतंत्र पीसीआर करून खात्री करा. उलट, अँटिबॉडी निगेटिव्ह आली म्हणून म्युटेशन नाही असं लिहू नका. आर१३२सी (त्याच जागचा वेगळा बदल) किंवा आयडीएच२ या दुसऱ्या जनुकातले बदल तिला ओळखता येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या वर्गीकरणानुसार आयडीएच म्युटेशन असलेल्या गाठीला ग्लायोब्लास्टोमा म्हणत नाहीत. इथली चूक निदानाचं नावच बदलते.

प्रश्न : परदेशातल्या पोस्टडॉकनंतर (पीएच.डी.नंतरच्या संशोधनानंतर) भारतात लॅब उभारायची आहे. काय तयारी करू? (वाचक, जर्मनी)

जैवतंत्रज्ञान विभागाची रामलिंगस्वामी फेलोशिप परतणाऱ्यांसाठीच आहे. पण रुग्णांचे नमुने तुमच्या सध्याच्या परदेशी संस्थेचे असतात, ते सोबत येणार नाहीत. कोणता विषय आणि कोणता डेटा तुम्ही नेणार, हे तिथल्या प्रमुखाकडून निघण्याच्या वर्षभर आधी लेखी घ्या.