परीक्षणं एकाच छापाची का होतात? पुस्तकाचा प्रकार बदलला की कसोटीही बदला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वाचनालयातून महिन्याला चार-पाच पुस्तकं येतात. त्यात कादंबरी असते, पाककृतींचं पुस्तक असतं, गझलसंग्रह असतो, गुंतवणुकीवरचं काहीतरी असतं. प्रत्येकावर तुम्ही लिहिता आणि सगळी परीक्षणं सारखीच निघतात: विषय, भाषाशैली, मुखपृष्ठ, शेवटी ‘संग्रही असावं असं पुस्तक’. शिवाय तारे द्यावेत का, रहस्यकथेतलं किती सांगावं आणि प्रकाशकाने पाठवलेल्या फुकट प्रतीचं काय करावं, हेही विचारलं आहे.

सगळ्यांना एकच फुटपट्टी लावली की असंच होणार. माणूस पाककृतींचं पुस्तक घेतो ते पदार्थ जमावा म्हणून, रहस्यकथा घेतो ती रात्र जागवण्यासाठी, गुंतवणुकीचं घेतो ते पैसे कुठे ठेवावेत ते कळावं म्हणून. ज्या कामासाठी पुस्तक उचललं जातं त्या कामाला ते लावून बघायचं आणि काय झालं ते लिहायचं. ‘भाषा ओघवती आहे’ हे वाक्य पाककृतींच्या पुस्तकाबाबत निरुपयोगी आणि कादंबरीबाबत अपुरं.

पाककृतींपासून सुरुवात करू, कारण तिथे न करता लिहिलेलं लगेच उघडं पडतं. किमान तीन पदार्थ करून बघा: एक तुम्हाला डोळे मिटून येणारा, एक कधीच न केलेला आणि एक हमखास बिघडणारा. तिसऱ्यासाठी उकडीचे मोदक उत्तम. एक वाटी पिठीला एक वाटी पाणी हे प्रमाण बऱ्याच घरांत चालतं. पुस्तकात तेवढंच लिहून सोडून दिलंय, की पाण्यात मीठ आणि चमचाभर तेल घालायचं, पिठी घातल्यावर झाकण ठेवून वाफ आणायची आणि उकड गरम असतानाच पाण्या-तेलाचा हात लावून मळायची, हेही सांगितलंय? पारी फाटते ती बहुधा उकड कोरडी राहिल्याने किंवा गार झाल्यावर मळल्याने. हे कारण पुस्तकात असेल तर ते नवशिक्याच्या कामाचं. नसेल तर ज्याला आधीच मोदक येतात त्याच्यासाठीच ते लिहिलंय, आणि परीक्षणात नेमकं हेच सांगायचं.

मापंही तपासा. घरातल्या वाट्या १०० मिलीपासून २०० मिलीपर्यंत काहीही असतात. मोजमापाचा कप २४० मिलीचा. सगळं साहित्य वाटीनेच घ्यायचं असेल तर वाटी कोणतीही चालते. पण ‘दोन वाट्या मैदा, एक टीस्पून बेकिंग पावडर’ असं आलं की घोटाळा होतो, कारण चमचा ठरलेला आणि वाटी मोकळी. लेखकाने वाटीचं माप मिलीत दिलंय का, हे एका वाक्यात लिहा. ते एक वाक्य दहा विशेषणांपेक्षा उपयोगी पडतं. आणि हो, पुस्तक ओट्यावर उघडं राहतं का तेही सांगा. नुसत्या गमवर चिकटवलेल्या बांधणीची पुस्तकं आपोआप मिटतात आणि पिठाचे हात लागले की संपलं.

ऐतिहासिक कादंबरीत लोक दोन गोष्टी एकत्र करतात: चुका आणि कल्पना. संवाद कल्पितच असणार, त्यावर आक्षेप नको. लेखकाने मनोगतात ‘प्रत्येक प्रसंगाला आधार आहे’ असं लिहिलं असेल तरच त्या दाव्याची परीक्षा घ्या. सगळं तपासणं शक्य नसतं, म्हणून तीन ठिकाणं निवडा. तारखा सर्वांत सोप्या. शकाचं इसवी सन करताना ७८ मिळवायचे, पण १ जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंतच्या तिथ्यांना ७९. शिवराज्याभिषेक ज्येष्ठातला, म्हणून शके १५९६ म्हणजे १६७४. शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ मधली, म्हणून १६३०. सरसकट ७८ मिळवणारा लेखक इथे एका वर्षाने चुकतो, आणि अशी एक चूक सापडली की बाकीच्या तारखांकडेही संशयाने बघावं लागतं. दुसरं ठिकाण म्हणजे खाणंपिणं. सतराव्या शतकातल्या मावळ्याच्या हातात चहाचा पेला आला, तर लेखकाने कागदपत्रं कितीही चाळली असोत, काळ त्याच्या अंगी मुरलेला नाही. तिसरं अंतर: घोड्यावरून एका रात्रीत किती कोस गाठलेत ते नकाशावर मोजून बघा.

पौराणिक कादंबरीला हीच कसोटी लावायची, पण जरा हलक्या हाताने. उदाहरणार्थ, द्रौपदी दुर्योधनाला ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ म्हणते, हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. भांडारकर संस्थेने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत मात्र ते नाही. कादंबरीत आलं तर ती चूक नव्हे, लोककथेतून घेतलेली निवड आहे. वाचकाला तेवढी माहिती द्या आणि पुढे चला.

रहस्यकथेत कथानक पहिल्या पाचव्या हिश्श्यापर्यंतच सांगा. २०० पानांचं पुस्तक असेल तर चाळिसाव्या पानाच्या पुढचं काही नको. एवढं पाळूनही लोक रहस्य फोडतात, ते वेगळ्याच वाटेने. ‘शेवट अगदी अनपेक्षित’ असं लिहिलं की वाचक पहिल्या पानापासून सर्वांत साध्या माणसावर नजर ठेवतो. ‘डॉक्टरांचं पात्र फार छान रंगवलंय’ हेही तसंच. दुय्यम पात्राचं जास्त कौतुक म्हणजे बोट दाखवणंच. मग लिहायचं काय? पुस्तक संपलं की लगेच मागे जाऊन दुवे शोधा. उलगड्याला लागणारी प्रत्येक गोष्ट वाचकासमोर आधी आली होती का? की शेवटच्या प्रकरणात गुप्तहेराच्या खिशातून अचानक एखादं पत्र निघालं? ‘दुवे प्रामाणिकपणे मांडलेत’ किंवा ‘शेवटी आयती माहिती आणली आहे’ एवढं सांगितलं तरी काहीही फुटत नाही आणि वाचकाला हवं ते कळतं.

कविता आणि गझल हे सर्वांत जास्त गुळगुळीत लिहिले जाणारे प्रकार. संग्रहातल्या ६० कवितांवर मिळून एक मत देण्यापेक्षा तीन कविता निवडा: एक उत्तम, एक सरासरी, एक फसलेली. प्रत्येकीच्या दोन-चार ओळी देऊन तिथे काय घडतं ते सांगा. गझल असेल तर तंत्र तपासता आलंच पाहिजे, कारण तिथे नियम उघड आहेत. मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात, ‘वादळ’ आणि ‘कातळ’ असे काफिये (यमकाचे शब्द) आले की ‘ळ’च्या आधीचा ‘अ’ हा स्वर, म्हणजे अलामत, ठरून जाते. पुढच्या शेरात ‘ओंजळ’ चालेल, ‘आभाळ’ चालणार नाही, कारण तिथे ‘आ’ आला. मुक्तछंदाला ही फूटपट्टी लावू नका. तिथे ओळ जिथे तोडली आहे तिथेच का तोडली, हा प्रश्न विचारा. ओळी सलग लिहून काढल्यावर काहीच हरवत नसेल, तर ते गद्यच होतं.

अनुवादित पुस्तकात आधी श्रेयपान, म्हणजे प्रकाशक, आवृत्ती, हक्क यांची माहिती असलेलं सुरुवातीचं पान, उघडा. अनुवाद मूळ भाषेतून की इंग्रजीवरून, हे तिथे बहुधा दिलेलं असतं. रशियन कादंबरी इंग्रजीतून मराठीत आली असेल तर परीक्षणात तसं म्हणा. शैलीबद्दल बोलताना आपण दुसऱ्या हाताच्या मालाबद्दल बोलतोय हे वाचकाला कळायला हवं. मग कोणतीही दहा पानं मोठ्याने वाचा. ‘त्याने त्याच्या उजव्या हाताने त्याच्या टोपीला स्पर्श केला’ असं वाक्य आलं की समजा, अनुवादकाने इंग्रजी वाक्य उचलून ठेवलंय. मराठीत ‘त्याने टोपीला हात लावला’ एवढंच पुरतं. ‘केला गेला’ आणि ‘च्याद्वारे’ किती वेळा येतात ते मोजा. नात्यांकडे मुद्दाम बघा. इंग्रजीतला अंकल मराठीत आणताना काका, मामा, की आत्याचा नवरा, हे अनुवादकाला ठरवावं लागतं. तोच माणूस ३० व्या पानावर काका आणि २१० व्या पानावर मामा असेल, तर संपादनात कोणाचं लक्ष नव्हतं. पान क्रमांकासह लिहा. अनुवाद चांगला असेल तर अनुवादकाचं नाव पहिल्या परिच्छेदात घ्या. ते बिचारे नेहमी शेवटच्या ओळीत असतात.

गुंतवणुकीच्या पुस्तकात श्रेयपानाला आणखीच महत्त्व. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण या वेगळ्या गोष्टी आहेत: नव्या आवृत्तीत मजकूर सुधारलेला असणं अपेक्षित असतं, पुनर्मुद्रणात तोच मजकूर पुन्हा छापलेला असतो. त्यामुळे पुनर्मुद्रणावर २०२५ असलं तरी आतले कर जुने असू शकतात. सोपी खूण अशी: शेअर आणि इक्विटी फंडांच्या दीर्घकालीन भांडवली नफ्यावरचा कर २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के झाला आणि सवलतीची मर्यादा सव्वा लाख. पुस्तकात १० टक्के आणि एक लाख असेल तर मजकूर त्याआधीचा. नंतर एखादं गणित स्वतः करा. महिना ५,००० रुपये, २० वर्षं, १२ टक्के परतावा धरला तर सुमारे ५० लाख होतात. १० टक्के धरला तर सुमारे ३८ लाख. भरलेली रक्कम दोन्हीकडे १२ लाखच. लेखक फक्त पहिला आकडा दाखवतो का? महागाई ६ टक्के धरली तर त्या ५० लाखांची आजची किंमत १६ लाखांच्याही थोडी खाली येते, हे तो सांगतो का? उत्तर नाही असेल तर पुस्तक उमेद वाढवणारं आहे, पण हिशेब शिकवणारं नाही, असं सरळ लिहा.

मुलांच्या पुस्तकांचं परीक्षण मुलाशिवाय करू नये. पुस्तक वाचून दाखवा आणि मूल पुन्हा मागतं का ते बघा. तिसऱ्यांदा मागितलं तर पुस्तक पास. स्वतः वाचू लागलेल्या मुलासाठी जोडाक्षरं किती आहेत, ओळीत किती शब्द आहेत आणि चित्र त्याच पानावर आहे की उलटल्यावर, एवढं नोंदवा. पाठीवर छापलेल्या वयोगटावर फार विसंबू नका.

आत्मकथनांबद्दल एकच सांगायचं आहे. बोलीतला मजकूर ‘अशुद्ध’ म्हणून गुण कापू नका आणि ‘अंगावर काटा येतो’ म्हणून सुटका करून घेऊ नका. लेखक काळ मागेपुढे कसा करतो, कोणाबद्दल मोकळं बोलतो आणि कोणाबद्दल गप्प राहतो, ते बघा.

आता कामाची पद्धत. वाचनालयाच्या पुस्तकात खुणा करता येत नाहीत, म्हणून एक लांब चिठ्ठी आत ठेवा आणि तिच्यावर फक्त पान क्रमांक व दोन शब्द लिहीत जा. जिथे पुस्तक खाली ठेवावंसं वाटलं ते पान जरूर टिपा. परीक्षणातलं सर्वांत खरं वाक्य बहुतेक वेळा तिथूनच निघतं. वाचून झाल्यावर एक दिवस जाऊ द्या आणि चिठ्ठी न बघता पहिला परिच्छेद लिहा. जे आठवलं नाही ते बहुधा गाळण्यासारखंच होतं. ४०० ते ६०० शब्द पुरतात. त्यात पुस्तकात काय आहे याला चौथा हिस्सा, बाकी कसोटीला. शेवटी दोन ओळी: कोणाला आवडेल, कोणाला नाही. दुसरी ओळ लिहायला जड जाते, पण वाचक तीच शोधत असतो.

लिहून झाल्यावर विशेषणांवर पेन्सिल फिरवा. ‘व्यक्तिचित्रण प्रभावी आहे’ याच्या जागी ‘आजी फक्त तीन प्रसंगांत येते, पण तिच्या बोलण्यातल्या म्हणींमुळे ती नसतानाही घरात जाणवते’ असं काही लिहिता येतं का बघा. येत नसेल तर ते मत काढून टाका, ते बहुधा मलपृष्ठावरून उतरलेलं आहे.

प्रतीबद्दलही बोला: पानं, किंमत, अक्षराचा आकार. पुस्तकं बहुतेक १६ पानांच्या फर्म्यांत (एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या गठ्ठ्यांत) छापली जातात, त्यामुळे एखादा फर्मा गळला किंवा दोनदा बांधला गेला तर १६ पानांचा गठ्ठाच जातो. पान क्रमांक ४८ वरून थेट ६५ वर गेला, तर तो तुमच्या प्रतीतला दोष आहे, लेखकाचा नव्हे. परीक्षणात त्यावर राग काढू नका, प्रत बदलून घ्या. छापील पानांच्या स्कॅनवरून केलेल्या ई-बुकात बऱ्याचदा जोडाक्षरं फुटलेली असतात; ते मात्र सांगा.

तारे द्यायचेच असतील तर त्या प्रकारातल्या पुस्तकांशी तुलना करून द्या आणि तसं लिहा. रहस्यकथेचे चार आणि कवितासंग्रहाचे चार एकाच तराजूत बसत नाहीत. अर्ध्या ताऱ्यांचा घोळ घालू नका. साडेतीन म्हणजे नेमकं काय, हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही.

फुकट आलेल्या प्रतीबद्दल: पहिल्याच ओळीत ‘प्रत प्रकाशकाकडून भेट’ असं लिहा, तळाशी बारीक अक्षरात नको. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या एएससीआयची २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात: पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन शिफारस केली असेल तर ती तशी उघड करावी. प्रकाशकाला परीक्षण आधी वाचायला पाठवू नका. नावं किंवा किंमत तपासायची असेल तर तेवढंच विचारा. उतारे देण्यापुरतं बोलायचं तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ समीक्षेसाठी योग्य तेवढा मजकूर उद्धृत करायला परवानगी देतं. चार ओळी चालतात, आख्खी कविता किंवा पाच पाककृती जशाच्या तशा टंकून टाकणं त्यात बसत नाही. आणि लेखकाने नंतर एखादी चूक दाखवून दिली तर मजकूर गुपचूप बदलू नका, खाली तारीख घालून दुरुस्ती जोडा.