रोजच्या ट्रॅफिकला रेसचा क्लच कशाला?

रीमॅप केलेल्या, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेल्या गाडीला कोणता क्लच बसवावा, हा एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत इतक्यांदा येतो आहे, की या वेळी फक्त क्लचवरचीच पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : सिग्नलला पहिला गिअर टाकून क्लच दाबून धरला तर चालतं का?

नाही. न्यूट्रल करा आणि पाय काढा.

प्रश्न : माझी डिझेल सेडान रीमॅप केली आहे. पाचव्या गिअरमध्ये दाबली की आरपीएम चढतो, वेग वाढत नाही. रीमॅप करणारा ट्यूनर ‘स्टेज थ्री’, अखंड अस्तराऐवजी सहा बटणांची सिरॅमिक प्लेट सुचवतो. ‘एकदा बसवा, पुन्हा बघायला नको,’ म्हणतो. रोज वाकड ते हिंजवडी जातो. बसवू का?

बसवू नका.

आधी तो ‘स्टेज’ शब्द डोक्यातून काढा. ते कुठलंही प्रमाण नाही. एका कंपनीची स्टेज टू दुसरीच्या स्टेज थ्रीपेक्षा जास्त टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, पेलू शकते. विकणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा : हा सेट किती न्यूटन मीटर पेलतो, आणि रीमॅपनंतर माझ्या इंजिनाचा टॉर्क किती? दोन्ही आकडे लेखी देत नसेल, तर तिथून उठा.

क्लचची पकड ठरते प्लेटवरच्या अस्तराच्या घर्षणावर, ती दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या दाबावर आणि प्लेटच्या व्यासावर. बेलहाउसिंगमध्ये, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचात, जागा तेवढीच, त्यामुळे व्यास सहसा वाढवता येत नाही. दाब वाढवला की पेडल जड होतं, आणि तो भार एकट्या डाव्या पायावर येत नाही. रिलीझ बेअरिंग, स्लेव्ह सिलिंडर, क्रँकचं थ्रस्ट बेअरिंग, सगळ्यांवर येतो. सिग्नलला पाय काढा म्हणतो ते यासाठीही.

राहिलं घर्षण. सिरॅमिक बटणं उष्णता उत्तम सोसतात, पण हळूहळू घसरत जुळणं त्यांना जमत नाही. सुटतात, नाही तर एकदम धरतात. रांगेत गाडी दहा फूट पुढे घ्यायची तर नेमकं ते घसरणंच हवं असतं. मग गाडी गचके देते. गचके टाळायला माणूस ॲक्सिलरेटर वाढवतो, आणि उष्णता तिथेच तयार होते. सपाट रस्त्यावर 1500 ऐवजी 3000 आरपीएमला गाडी उचलली, तर क्लचमधली उष्णता जवळपास चौपट होते. क्लच ज्याला धरतो तो इंजिनाचा फ्लायव्हील खरवडला जातो, ते वेगळंच.

बहुतेकदा याच सेटबरोबर मूळचा दोन भागांचा ड्युअल मास फ्लायव्हील काढून साधा, हलका फ्लायव्हील गळ्यात मारतात. डिझेल इंजिनाचे हादरे गिळण्यासाठीच कंपनीने ड्युअल मास दिलेला असतो. तो गेला की आयडलला गिअरबॉक्स खडखडतो, आणि तेच लोक मग गिअरबॉक्सचं काम काढतात. याचा मला खरोखर संताप येतो.

तुम्ही काय करावं? ऑरगॅनिक अस्तर, गचके गिळणारा स्प्रिंगचा हब (प्लेटचा मधला भाग) आणि मूळ क्लचपेक्षा थोडाच जास्त दाब, एवढं पुरतं. त्याआधी ट्यूनरकडून खालच्या आरपीएमचा टॉर्क कमी करून घ्या. क्लच घसरतो तो बहुतेक तिथेच. आणि पैसे देण्याआधी, तो सेट न विकणाऱ्या एखाद्या मेकॅनिकला गाडी दाखवा. गाडी वॉरंटीत असेल तर रीमॅपचे परिणाम आधी विचारून घ्या.

प्रश्न : नवा क्लच बसवला. मेकॅनिक म्हणाला, एक्स्प्रेसवेवर नेऊन जोरात पळवा, म्हणजे ‘बसेल’. खरं का?

खोटं. अस्तर बसतं ते शहरातल्या थांबा-निघा चालीत, एकसारखा वेग धरलेल्या हायवेवर नव्हे. ऑरगॅनिक प्लेटला साधारण 800 किलोमीटर द्या. तोवर पूर्ण ॲक्सिलरेटर नको, ओढकाम नको. तुमच्या सेटच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तोच पाळा.

प्रश्न : माझ्या गाडीला ड्राय ड्युअल क्लच ऑटोमॅटिक आहे. क्लचचं पेडलच नाही, मग काळजी कशाची?

पेडल नसलं तरी क्लच आहे, एक नाही, दोन. ब्रेक नीट दाबून थांबलात की ते सुटतात. अर्धवट ब्रेक धरून इंच इंच सरकलात की घासतात. पुढे गाडीभर जागा होऊ द्या, मग निघा. चढावर ॲक्सिलरेटरने गाडी तोलून धरू नका. गरम झाल्याचा इशारा एकदा जरी आला, तरी स्कॅन करून घ्या.

प्रश्न : तीन महिन्यांपूर्वी ताम्हिणी घाटात क्लचचा जळका वास आला, नंतर गेला. आता सुटताना गाडी थरथरते. दिवाळीपर्यंत थांबू का?

तीन महिने थांबलात तेच जास्त झालं. एकदा आलेला वास गेला, एवढ्यावर मी घाबरवलं नसतं. पण थरथर सुरू झाली म्हणजे अस्तर चकाकून गेलं असेल, किंवा फ्लायव्हीलवर गरम डाग पडले असतील. मागच्या पावसाळ्यात अशीच एक गाडी आमच्याकडे आली. प्लेट बदलून भागलं असतं, पण मालकांनी सहा महिने चालवली. रिव्हेट उघडे पडून फ्लायव्हीलला चरे गेले होते, त्यामुळे तोही बदलावा लागला. इंजिन माउंट सैल झालं तरी थरथर येते, म्हणून नुसत्या वर्णनावरून मी निदान करणार नाही. हँडब्रेक ओढून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडायची ‘टेस्ट’ घरी करू नका, त्यात उरलासुरलाही जळतो. घाट टाळा आणि या आठवड्यातच गाडी लिफ्टवर चढवा.