घरी बांधलेल्या विमानाच्या अ‍ॅल्युमिनियमला गंज लागू नये म्हणून काय करावं? प्रत्येक भागाला प्राइमर हवाच का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शेपटीचे भाग कापून, भोकं पाडून तयार आहेत, पत्रा २०२४-टी३ अल्क्लॅड आहे (तांबं घातलेला मिश्रधातू, वर शुद्ध धातूचा पापुद्रा). एक ओळखीचा म्हणतो प्राइमर, म्हणजे गंज अडवणारा रंगाचा पहिला थर, लावल्याशिवाय एकही रिव्हेट (पत्रे जोडणारी खिळी) मारू नका, आणि दुसरा म्हणतो अल्क्लॅडला आतून प्राइमर म्हणजे फुकटचं वजन. मी माझं विमान बांधायला घेतलं तेव्हा त्या दुसऱ्याच्या बाजूला होतो. पंख पत्र्याने बंद करायची वेळ आली तोवर बराचसा पहिल्याकडे सरकलो होतो, पण पूर्ण नाही. का, ते सांगतो.

अ‍ॅल्युमिनियमचा उघडा पृष्ठभाग हवेला लागला की त्यावर क्षणात ऑक्साइडचा थर धरतो. जाडी जेमतेम काही नॅनोमीटर, पण तो घट्ट बसतो आणि खालच्या धातूला झाकतो. म्हणून शुद्ध अ‍ॅल्युमिनियम वर्षानुवर्षं टिकतं. अडचण एवढीच की ते मऊ असतं, त्याचं विमान बांधता येत नाही. १९०६ साली जर्मनीत आल्फ्रेड विल्मला दिसलं की तांबं घातलेलं अ‍ॅल्युमिनियम तापवून पाण्यात विझवलं आणि काही दिवस नुसतं ठेवलं तर आपोआप कडक होतं. आजचा २०२४ त्याच घराण्यातला, त्यात साधारण ४.४ टक्के तांबं असतं. ताकद त्या तांब्यामुळे येते आणि गंजाची खोडही त्याच्यामुळेच. धातूच्या पोटात तांब्याचे बारीक कण विखुरलेले असतात. ओल मिळाली की प्रत्येक कण आणि त्याच्या शेजारचं अ‍ॅल्युमिनियम मिळून एक छोटी बॅटरी तयार होते, आणि खर्ची पडतं ते अ‍ॅल्युमिनियम.

यावरचा उपाय म्हणजे अल्क्लॅड: मधे ताकदवान मिश्रधातू, दोन्ही बाजूंना शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पापुद्रा. पातळ पत्र्यात हा पापुद्रा एका बाजूला जाडीच्या सुमारे ५ टक्के असतो. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्यावर ०.०२५ मिलिमीटर, केसाच्या निम्म्याहूनही कमी. पण तो नुसता झाकत नाही. बारीक ओरखडा पडला तर आतल्या धातूऐवजी आधी स्वतः झिजतो. त्यामुळे तुमचा दुसरा मित्र पत्र्याच्या सपाट, मोकळ्या भागाबद्दल बोलत असेल तर त्याचं म्हणणं मला पटतं.

पण विमान म्हणजे नुसता सपाट पत्रा नव्हे. तुम्ही कड कापली, भोकं पाडली, त्यांच्या कडेचा खरखरीतपणा काढला, वळणावर पॉलिश पेपर मारला, की तेवढ्या जागी पापुद्रा गेला. शिवाय अल्क्लॅड फक्त पत्र्याला असतं. अँगल, पट्ट्या, स्पारला (पंख-शेपटीच्या मुख्य तुळईला) लागणारे जाड बार यांवर काही नसतं, ते नागडेच येतात. तुमच्या शेपटीत असे किती तुकडे आहेत ते आधी मोजा. त्यांच्या बाबतीत वाद घालूच नका, प्राइमर लावा. ६०६१-टी६ हा मिश्रधातू असेल तर थोडं निवांत राहता येतं, कारण त्यात मॅग्नेशियम आणि सिलिकॉन मुख्य, तांबं नावापुरतं.

खरी जोखमीची जागा म्हणजे दोन पत्रे एकावर एक बसतात तो सांधा. त्या फटीत पाणी आपोआप ओढलं जातं आणि वाळत नाही. आत प्राणवायू कमी, तोंडाशी जास्त, एवढ्या फरकावरही गंजाचा प्रवाह सुरू होतो. तयार होणारी पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा घेते. ती पत्रे एकमेकांपासून ढकलते, सांधा रिव्हेटांच्या मधे उशीसारखा फुगतो आणि रिव्हेटवर सतत ताण येत राहतो. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाईमध्ये अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चं छत उडत असताना उघडलं, त्यामागे अशाच सांध्याची कहाणी होती: चिकटवलेला जोड सुटला, गंज शिरला, रिव्हेटच्या भोकांपासून थकव्याच्या भेगा निघाल्या. आपलं छोटं विमान हवेच्या दाबाने फुगत नाही, त्यामुळे तुलना तिथेच सोडतो. पण सांध्याच्या आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही, हे दोन्हीकडे सारखंच.

म्हणून माझा नियम असा: रिव्हेट मारल्यावर जिथे हात किंवा नजर पुन्हा पोचणार नाही तिथे प्राइमर. सांध्याचे दोन्ही चेहरे, रिबच्या (पंख-शेपटीला आकार देणाऱ्या आतल्या फासळ्यांच्या) वळवलेल्या कडा, स्पार, पुशरॉडच्या (हालचाल पोचवणाऱ्या दांड्यांच्या) नळ्यांची आतली बाजू (ही हमखास विसरली जाते), विमानाच्या पोटाचा तळ, बॅटरीखालची जागा. उरलेल्या स्किनची (बाहेरच्या पत्र्याची) आतली बाजू मी तशीच ठेवली. वजनाचा हिशोब तुम्हीच करून बघा. २५ मायक्रॉनचा वाळलेला थर म्हणजे चौरस मीटरला ४० ग्रॅमच्या आसपास. सगळं मिळून ५० चौरस मीटर रंगवलं तरी साधारण २ किलो. भीती वाटावी एवढं नाही, पण विनाकारण का उचलायचं?

आता यापेक्षा महत्त्वाचं. कोणतं प्राइमर यावर लोक रात्र-रात्र भांडतात. मला विचाराल तर त्याखालची सफाई जास्त मोलाची. हे मी रिबचा एक अख्खा गठ्ठा वाया घालवून शिकलो. छान हिरवट प्राइमर मारलं, वाळलं, दुसऱ्या दिवशी चिकटपट्टी लावून ओढली तर दुधावरची साय निघावी तसं प्राइमर पट्टीबरोबर आलं. चूक माझीच. पत्रा चमकत होता म्हणून तो स्वच्छ आहे असं समजलो होतो.

आता असं करतो. आधी सॉल्व्हंटने तेलकटपणा काढायचा, कारण आधीच घासलं तर तेल ओरखड्यांत भरतं. मग मरून रंगाच्या स्कॉच-ब्राइटने (घासायच्या खरखरीत गादीने) चमक जाईपर्यंत घासायचं. स्टील वूल किंवा तारेचा ब्रश अजिबात नको, त्यातले लोखंडाचे कण अ‍ॅल्युमिनियममध्ये रुतून बसतात आणि प्रत्येक कण गंजाचं बी होतो. मग साबण, भरपूर पाणी, आणि परीक्षा: रिब उभी धरून त्यावरून पाणी सोडायचं. पाण्याचा पडदा अखंड राहिला तर पास. कुठे थेंब जमले, पडदा फाटला, तर तिथे तेल आहे, पुन्हा सुरुवातीपासून. इथून पुढे हातमोज्यांशिवाय शिवायचं नाही. मी एकदा शिवलो होतो. अ‍ॅलोडाइन (खाली सांगतो तो रासायनिक लेप) चढल्यावर सगळी रिब सोनेरी झाली आणि मधोमध माझ्या अंगठ्याचा ठसा पांढरा राहिला, रेषा न् रेषा मोजता येईल असा.

अ‍ॅलोडाइन म्हणजे क्रोमेटचा रासायनिक लेप. तो स्वतः गंज अडवतो आणि प्राइमरला धरायला पकड देतो. काही मिनिटांचंच काम आहे. पत्र्यावर द्रव वाळू द्यायचा नाही, जास्त वेळ ठेवला तर लेप भुकटीसारखा सुटतो. पाण्याने धुवायचं, वाळवायचं आणि शक्यतो त्याच दिवशी प्राइमर मारायचं. पण नेहमीच्या सोनेरी अ‍ॅलोडाइनमध्ये हेक्झाव्हॅलेंट (षट्संयुजी) क्रोमियम असतं, आणि त्याने कॅन्सर होतो. हातमोजे, चष्मा, आणि उरलेलं पाणी गटारात ओतायचं नाही. भिजलेली फडकीही तशीच वाळू देऊ नका, पेट घेऊ शकतात. खळबळून मगच बाजूला ठेवा. हे सगळं नको असेल तर क्रोमियमशिवायचे किंवा त्रिसंयुजी क्रोमियमचे लेप मिळतात. घरात लहान मुलं असतील तर मी तेच घेईन.

प्राइमर दोन भागांचं इपॉक्सी घ्या, ते एकदा पक्कं झालं की इंधन-तेलाला दाद देत नाही. डब्यातून फवारायचं सेल्फ-एचिंग (धातूला स्वतःच किंचित कुरतडून पकड घेणारं) प्राइमर सोयीचं खरं, पण ते ओल पूर्ण अडवत नाही. मी ते फक्त ऐनवेळी कड उघडी पडली तर वापरतो. फवारताना साधा धुळीचा मास्क चालणार नाही, सॉल्व्हंटच्या वाफा अडवणाऱ्या कार्ट्रिजचा रेस्पिरेटर हवा. आणि थर पातळ. सांध्यात जाड रंग भरला तर पुढे तो दबतो आणि रिव्हेटची पकड सैल होते.

छोट्या वाटणाऱ्या दोन गोष्टी. पत्र्यावर शिसपेन्सिलीने खुणा करू नका. ते ग्राफाइट असतं, आणि ओल मिळाली की रेघेच्या बाजूचं अ‍ॅल्युमिनियम खातं. मार्कर पेन वापरा. आणि पत्र्यावर आलेलं प्लॅस्टिकचं आवरण ओरखडे नकोत म्हणून वर्षभर ठेवू नका. त्याखाली ओल अडकते, गोंद कडक होतो, आणि काढल्यावर खाली जाळीसारखे डाग सापडतात.

दुसरा धातू जिथे टेकतो तिथेही लक्ष द्या, तिथेही तशीच बॅटरी तयार होते. विमानाचे साधे स्टील बोल्ट कॅडमियम चढवलेले असतात ते याचसाठी. स्टेनलेसचा स्क्रू घालणार असाल तर प्राइमर किंवा सीलंट लावून ओलाच बसवा. कार्बन फायबर थेट अ‍ॅल्युमिनियमला कधीच टेकवू नका, मधे काचेच्या कापडाचा एक थर हवाच.

पुढे आत मारायच्या तेलकट फवाऱ्यांबद्दलही तुम्ही विचारलंय. एसीएफ-५० सारखी तेलं चांगलं काम करतात, सांध्यात झिरपतात आणि पाणी हुसकावतात. पण बाहेरचा रंग झाल्यावरच मारा. आधी मारलंत तर तेल रिव्हेटच्या कडेने बाहेर येत राहील आणि रंग धरणार नाही.

तुमच्या शेपटीपुरतं म्हणाल तर एलिव्हेटर (शेपटीचा वर-खाली हलणारा भाग) बंद करण्याआधी नकाशातली पाणी निघायची भोकं खरंच सर्वात खालच्या कोपऱ्यात येतात का ते बघा. विमान जमिनीवर जसं उभं राहील त्या कोनात एलिव्हेटर धरा, आत चमचाभर पाणी सोडा आणि ते कुठून बाहेर पडतं ते पाहा. माझं पाणी बाहेर पडलंच नव्हतं, प्राइमरच्या एका थेंबाने भोक बुजलं होतं.