वाचक विचारतात : एक कोटी डाँग आणि खेळण्यातल्या नोटा

प्रश्न : ताई नमस्कार. मार्चमध्ये आम्ही मैत्रिणी ग्रुप टूरने व्हिएतनामला जाऊन आलो. पैसे बदलून डाँग, म्हणजे तिथलं चलन, हातात आलं तेव्हापासून ग्रुपमध्ये एकच चालू, "आपण सगळे करोडपती!" नोटांचे पंखे करून फोटो काय, रील्स काय. मलाही आधी मजा वाटली. पण होई आनला त्या गोल टोपलीच्या होडीत बसलो होतो, होडी वल्हवणाऱ्या मावशी पासष्टीच्या तरी असतील, आणि आमच्यातले एक काका 10 हजारची नोट हलवत म्हणाले, "हे घे, खेळण्यातले पैसे". सगळे खो खो हसले. मावशींना मराठी कळलं नसेल, हसणं कळलंच असणार. मी उगाच जास्त विचार करतेय का? आणि तिथे टिप द्यायची तरी किती?
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : नाही हो, उगाच नाही. पहिल्या दिवशी हसू येतंच, मलाही आलं होतं, आपले तीसपस्तीस हजार रुपये दिले की हातात एक कोटी डाँग येतात, कोणीही चक्रावेल. पण काकांचं हसणं शून्यांवर नव्हतं असं माझं मत. जपानचा येन घ्या, एक येन म्हणजे आपले साधारण साठ पैसे, म्हणजे तोही रुपयापेक्षा "हलकाच" की, पण टोकियोत कोणी येनला खेळण्यातला पैसा म्हटलेलं मी अजून ऐकलं नाही. तिथे आपण गपचूप काउंटरवरच्या छोट्या ट्रेमध्ये पैसे ठेवतो आणि मान लववतो. म्हणजे हसू नोटेवरच्या आकड्याचं नाही, देश आपल्यापेक्षा श्रीमंत वाटतो की गरीब त्याच्यावर आहे. (आणि गोव्यात शॅकवर कोणी गोरा बिल बघून "ओन्ली थ्री डॉलर्स!" म्हणाला की आपल्याला कसं लागतं ते आठवा.)

ती शून्यं काही गमतीने आलेली नाहीत. 1985 मध्ये तिथल्या सरकारने दहा जुन्या डाँगला एक नवा डाँग असं चलन बदललं, पण ते अंगाशी आलं, महागाई वर्षाला काही शे टक्क्यांवर गेली, लोकांची साठवलेली पुंजी अक्षरशः विरघळली. 1986 मध्ये दोई मोई नावाची आर्थिक सुधारणा सुरू झाली, पुढे गाडी रुळावर आली पण शून्यं तशीच राहिली. तुमच्या होडीवाल्या मावशींनी ते सगळं ऐन तरुणपणी पाहिलं असणार.

आता हिशोब. शेवटची दोन शून्यं काढा आणि तीनने भागा, झाले रुपये. एक लाख डाँग म्हणजे सव्वातीनशे-साडेतीनशे. पाटीवर 50के लिहिलं असेल तर ते 50 हजार. आणि एक जपा, 20 हजारची नोट निळी आणि 5 लाखांची पण निळसर, दोन्हींवर त्यांचे राष्ट्रनेते हो ची मिन्हच, संध्याकाळच्या उजेडात घाईत देताना साठसत्तर रुपयांच्या जागी सोळाशे जातात. प्लॅस्टिकच्या नोटा एकमेकींना चिकटतात ते वेगळंच.

टिपचं म्हणाल तर व्हिएतनाममध्ये ती जुनी रीत नाही. रस्त्यावर फो (नूडल्सचं सूप) खाल्लंत तर कोणी अपेक्षा करत नाही. पण गाइड, ड्रायव्हर, मसाजवाल्या, होडीवाले यांना टुरिस्टांमुळे सवय झालीय, टूरवाल्यांनी टिपचे पैसे आधीच घेतले असतील तर ते नक्की कोणापर्यंत पोचणार एवढं विचारून घ्या. होडीवाल्या मावशींना 20 ते 50 हजार दिलेत तर छानच. हातात द्या पण, दोन्ही हातांनी दिलेत तर अजून चांगलं. काकांची 10 हजारची नोट म्हणजे तीसपस्तीस रुपये, त्यात नाशिकला एक मिसळही येणार नाही आणि वर भाषण.

प्रश्न : मुलाकडे न्यू जर्सीला आलोय. हॉटेलात 80 डॉलर बिल झालं आणि त्याने वर 16 डॉलर ठेवले! मी म्हटलं दोन ठेव, तर बायको-मुलगा दोघांनी डोळे वटारले. एवढे कशाला द्यायचे? ते पगार घेत नाहीत का?
— एक वाचक, मुक्काम सध्या एडिसन

उत्तर : काका, पगार घेतात, पण केवढा ते ऐका. टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचा अमेरिकेतला केंद्रीय किमान दर तासाला 2.13 डॉलर आहे आणि तो 1991 पासून हललेला नाही. टिप धरून तासाला 7.25 डॉलर, म्हणजे बाकीच्यांचा किमान दर, भरले नाहीत तर फरक मालकाने द्यायचा. राज्यागणिक आकडे वेगळे, काही ठिकाणी बरेच जास्त, कॅलिफोर्नियात तर टिप असो नसो पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं. पण रीत सगळीकडे तीच पडलीय, बसून जेवलात तर 18-20 टक्के. आपण इथे उडप्याकडे बडीशेपेच्या वाटीखाली दहाची नोट सरकवतो ती खुशाली, दिवाळीची पोस्त म्हणा हवं तर. तिथे तो पगाराचाच हिस्सा आहे, फक्त मालकाने तो तुमच्या गळ्यात घातलाय. मला स्वतःला ही पद्धत अजिबात पटत नाही, पण त्याचा राग वाढणाऱ्या पोरीवर काढून काय होणार?

मात्र बिल वाचा. मोठ्या ग्रुपला बऱ्याच ठिकाणी ग्रॅच्युइटी, म्हणजे टिपच, बिलात आधीच लावलेली असते, तिच्यावर परत 20 टक्के दिले की 40 झाले. आणि कॉफी हातात घेऊन निघताना स्क्रीन फिरवून टिप विचारतात तिथे "नो टिप" बिनधास्त दाबा. परतीच्या वाटेवर जपानला थांबणार असाल तर उलटं, तिथे टेबलावर पैसे ठेवलेत तर विसरलात समजून वेटर रस्त्यापर्यंत धावत येतो.

प्रश्न : परदेशात शेवटच्या दिवशी सुटे संपले तर आपले रुपये टिप म्हणून दिले तर चालतात का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : भूतानमध्ये चालतात, तिथलं नुलट्रम आणि आपला रुपया एकास एक आहे. नेपाळमध्येही छोट्या नोटा घेतात, एकाला 1.60 असा ठरलेला भाव, म्हणून दुकानदार आधी विचारतो "आयसी की एनसी?", म्हणजे इंडियन करन्सी की नेपाळी. बाकी ठिकाणी नको. बँकॉकच्या रूमबॉयला दिलेली आपली पन्नासची नोट तो बदलणार कुठे, आणि नाणी तर मनी चेंजर घेतच नाहीत. मी एकदा उशीखाली पाच रुपयांची चार नाणी ठेवून आलेय, तेव्हा मोठं मन वाटलं होतं माझं मलाच.