पंखा बंद करायला हवा होता

"मॅडम, फिल्म पडली. मला काही येत नाही हे आता सगळ्या कॉलेजला कळलंय."

मास मीडियाच्या तिसऱ्या वर्षाची मुलगी. दादरला माझ्या समुपदेशनाच्या खोलीत आली, एवढं बोलली आणि ओढणीचं टोक पिळत बसली. (तिच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) प्रोजेक्टचे दिवस सरले की हे दुखणं घेऊन कुणी ना कुणी येतंच. पालक विचारतात, बारा मिनिटांच्या फिल्मचं एवढं काय मनाला लावून घ्यायचं?

त्या बारा मिनिटांमागे तिचे तीन महिने होते, चार मित्र होते, भाड्याचा कॅमेरा होता आणि बाबांनी भिशी उचलून दिलेले 18 हजार रुपये होते. कॉलेजच्या हॉलमध्ये फिल्म लागली तेव्हा आजी-नातीचं भांडण ऐकूच येईना, नुसती घरघर. ऐन रडण्याच्या प्रसंगाला मागच्या रांगेत हशा पिकला. कॅमेरा करणाऱ्या मित्राशी जिन्यातच वाजलं. त्यानंतर तीन आठवडे ती कॉलेजला फिरकली नव्हती.

झोप, जेवण विचारलं. मग सरळच विचारलं, "जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का गं?" असं विचारल्याने मुलांच्या डोक्यात नसलेला विचार शिरतो, अशी पालकांना भीती वाटते. तसं होत नाही, उलट विचारलं की मुलं मोकळी होतात. तिने 'हो' म्हटलं असतं तर त्याच दिवशी घरच्यांना बोलावून मानसोपचारतज्ज्ञांना गाठलं असतं. (टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. तो फोनमध्ये असू द्या.)

ती म्हणाली, "तसं नाही हो. फक्त बाबांच्या समोर जेवायला बसवत नाही."

म्हणजे गाठ त्या 18 हजारांची होती. पण ती एकदम सुटणारी नव्हती. "छान झाली असेल गं" असं म्हणणं मला खोटं वाटलं असतं, म्हणून म्हटलं, "दाखव मला."

फोनवर, एकेक इयरफोन कानात घालून पाहिली. आवाज खरंच वाईट होता. "असं का झालं?" एवढंच विचारलं आणि ती दहा मिनिटं थांबली नाही. माइक कॅमेऱ्यावरच होता, आजीपासून आठ फूट लांब. लांबचा माइक बोलण्याआधी खोली टिपतो. पंखा चालू, फ्रिज चालू, घर कुर्ल्याला रुळांलगत. संवादांमागे सलग लावायला रिकाम्या खोलीचा अर्धा मिनिट आवाज घ्यायचा असतो, तोही राहिला. सांगता सांगता ओढणी हातातून कधी सुटली, तिला कळलं नाही.

मी फिल्म मागे नेली. चौथ्या मिनिटाला आजीचे हात मेथी निवडताहेत, जुडीचा दोरा बोटाला गुंडाळून ठेवताहेत. "हे कुणी घेतलं?" "त्यानेच." मग बराच वेळ गप्प. "त्याला मी 'तुझ्यामुळे वाट लागली' म्हटलं, मॅडम. आवाजाचं काम तर माझ्याकडे होतं."

त्या आठवड्यासाठी दोनच कामं ठरवली: मित्राला हे वाक्य जसंच्या तसं सांगायचं आणि बाबांशी पैशांचं बोलायचं. दुसरं तिला जास्त जड गेलं. चार दिवस टाळलं, पाचव्या दिवशी रात्री बोलली. बाबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आवाज परत भरता येतो ना? मग भर की." त्यांना हशाचं काहीच माहीत नव्हतं. ते तीन आठवडे पोरगी आजारी आहे असं समजून रोज शहाळं आणत होते.

शेवटची लोकल गेल्यावर रात्री दीड वाजता कुर्ल्याच्या त्याच खोलीत डबिंग झालं. पंखा बंद, फ्रिज बंद. आजीच्या डोक्यावर गोधडी, गोधडीच्या आत माइक, आणि माइक धरायला तो मित्र.